सर्व सदस्यांसाठी सूचना : मतभेद असू द्या, फूट नको

अस्सलामु अलैकुम, बंधू-भगिनींनो.

नमाजमध्ये 'आमीन' मोठ्याने म्हणायचे की मनात, यावरून आपल्याच ग्रुपवर भावाने भावाला गुमराह (वाट चुकलेला) म्हटले. मनाला फार लागले. हनफी, मालिकी, शाफई, हंबली या इस्लामी धर्मशास्त्राच्या चार सुन्नी परंपरांमधले भेद शतकानुशतकांचे आहेत. शाफई परंपरेचे इमाम शाफई तर मालिकी परंपरेच्या इमाम मालिक यांचेच शागीर्द (शिष्य) होते! 622 च्या हिजरतीनंतर (मक्केहून मदिनेला केलेल्या स्थलांतरानंतर) मदिनेत पैगंबरांनी (स.) मुहाजिर (मक्केहून आलेले) आणि अन्सार (त्यांना आधार देणारे मदिनेकर) यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडून दिले. कबिले वेगळे, गाव वेगळे, तरी अन्सारांनी आपले घरदार वाटून घेतले. कुरआनातील सूरह आले-इम्रानची 103 वी आयत ('अल्लाहची दोरी सर्वांनी मिळून घट्ट धरा, फूट पाडू नका') सर्वांनी पुन्हा वाचावी.

यापुढे कोणत्याही मसलकाची (पंथाची) टिंगल करणारी पोस्ट काढून टाकली जाईल. मसला (धार्मिक प्रश्न) आलिमांना (धर्माच्या जाणकारांना) विचारा. ज्यांचे मन दुखावले, त्यांना कृपया आजच फोन करा.