दसऱ्याआधी गाडी धुताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत सोसायट्यांच्या आवारात गाड्या धुण्याची लगबग सुरू होते. पाइप सोडले जातात, बादलीत कपड्यांची पावडर पडते, पिवळी फडकी निघतात आणि शेवटी ‘जरा पॉलिश मारून घेऊ’ असे ठरते. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक गोल ओरखडे दिसतात, ते बहुतेक रस्त्यावर पडलेले नसतात. ते धुताना आणि पुसताना पडतात. मग ते घालवायला पॉलिश, आणि पॉलिशने रंग आणखी पातळ, असे चक्र चालू राहते.

सर्वांत वाईट सवय म्हणजे रोज सकाळी कोरडे किंवा जेमतेम ओले फडके मारणे. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. तिची भुकटी रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, ज्याला क्लिअर कोट म्हणतात त्याच्यापेक्षा, कितीतरी कठीण असते. ती फडक्याखाली घासली गेली की ओरखडा ठरलेला. यात गाडी पुसणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. एका बादलीत दहा गाड्या उरकायला आपणच सांगतो. त्याला ‘रोज पुसू नकोस, आठवड्यातून एकदा नीट धू’ असे सांगितले, तर त्याचेही काम हलके होईल आणि रंगही वाचेल.

धुण्यासाठी गाडी सावलीत हवी आणि बोनेट हाताला गार लागले पाहिजे. आधी चाके, आणि त्यांची बादली व फडके वेगळे, कारण ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात. मग टपापासून खाली नुसते पाणी ओतून सुटी धूळ वाहू द्यावी. या टप्प्यात हात लावू नये. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात. एकीत दहा लिटर पाण्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात कार शाम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग सरळ रेषेत पुसायचा, मग साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शाम्पूत. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर सर्वांत शेवटी. पाइप न लावता हॅचबॅक ४०-५० लिटरमध्ये व्यवस्थित होते. कपड्यांच्या पावडरीतला अल्कली रबर कोरडे करतो आणि तिचे न विरघळलेले कणही घासतात. भांड्यांच्या लिक्विडने रंग जात नाही, पण आधीचे वॅक्स मात्र निघून जाते.

पाण्याचेही पाहावे लागते. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. गाडी उन्हात वाळली की पांढरे ठिपके उरतात. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने पुष्कळजण आरओचे टाकाऊ पाणी वापरतात, पण त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात. ते चाकांना आणि पहिल्या धुण्याला चालेल. शेवटची एक बादली नळाच्या पाण्याची घ्यावी आणि लगेच जाड मायक्रोफायबर टॉवेलने, न घासता, टिपून घ्यावे. ठिपके पडलेच असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून भिजवलेले फडके मिनिटभर ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. निफाड-दिंडोरीकडे जाणाऱ्यांना हाच उपाय द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर उपयोगी पडतो. बागेशेजारी उभ्या गाडीवर बुरशीनाशक म्हणून फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचे निळसर-पांढरे शिंतोडे बसतात, त्यात मोरचुदाबरोबर चुना असतो. व्हिनेगरने तिथले वॅक्सही उतरते, तेव्हा त्या जागी पुन्हा लावावे.

आता पॉलिश. बाजारात चमकवणाऱ्या प्रत्येक बाटलीला पॉलिश म्हणतात, तिथेच घोळ होतो. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात आणि ते रंगाचा थर काढतात. वॅक्स उलट रंगावर संरक्षक थर चढवते. क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो आणि उन्हापासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. मशीनच्या एका पॉलिशमध्ये त्यातला एक ते तीन मायक्रॉन जाऊ शकतो, रबिंग कंपाउंडमध्ये, म्हणजे जाड कणांच्या पॉलिशमध्ये, त्याहून जास्त. दरवर्षी दसऱ्याला कंपाउंड मारणाऱ्याच्या बोनेटवर काही वर्षांनी पापुद्रे सुटले, तर दोष रंगाचा नसतो.

म्हणून आधी नखाने पाहावे. ओरखड्यात नख अडकत असेल तर पॉलिशने तो जाणार नाही, उगाच घासू नये. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या रंगावरून फिरवावी. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेला मळ ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, वापरावी. शाम्पूचे पाणी शिंपडत, दाब न देता क्ले फिरवायचा, मळला की घडी घालायची. जमिनीवर पडलेला क्ले टाकून द्यावा, हळहळू नये. त्यानंतर गरज असलेल्या जागीच सर्वांत सौम्य पॉलिश, फोमच्या पॅडवर नाण्याएवढे. दोन बाय दोन फुटांचा भाग घ्यावा आणि वाळण्याआधी पुसावा. कडांवर आणि उठावांवर थर पातळ असतो, तिथे दाब नको. ड्रिल मशीनला पॅड लावून हा उद्योग करू नये, एका जागी उष्णता साठून रंग जळतो. मॅट रंगाला पॉलिश लावूच नये.

वॅक्स मात्र वारंवार लावावे. कार्नोबा हे वनस्पतीपासूनचे वॅक्स आपल्या उन्हात दीड-दोन महिने टिकते, सिंथेटिक सीलंट, म्हणजे त्याच कामाचा कृत्रिम लेप, चार-सहा महिने. थर जितका पातळ तितका चांगला. जाड लेप वाया जातो आणि पुसताना डाग राहतात. पाच-दहा मिनिटांनी बोट फिरवून पाहावे. स्वच्छ रेघ उमटली की कोऱ्या मायक्रोफायबरने पुसावे. काळ्या प्लास्टिकवर आधी मास्किंग टेप लावावी, नाहीतर पांढरे चट्टे राहतात. नुकताच रंगवलेला भाग महिनाभर तरी वॅक्सविना राहू द्यावा. रॉकेल किंवा खोबरेल मारून येणारी चमक दोन दिवसांची, त्यावर धूळ चिकटते ती वेगळीच. मायक्रोफायबर वेगळे धुवावे, कंडिशनर न घालता. कंडिशनरने कापडाची शोषण्याची ताकद जाते.

हे सगळे पूजेच्या दोन दिवस आधी आटोपावे. ओल्या हळदीचा डाग पांढऱ्या गाडीवर चटकन बसतो. वॅक्स असेल तर सहसा नुसत्या शाम्पूने निघतो. स्वस्तिक बोनेटऐवजी काचेच्या कोपऱ्यात काढले तर प्रश्नच नाही. हळदी-कुंकू त्याच संध्याकाळी धुवावे आणि झेंडूचा हार गाडी काढण्याआधी उतरवावा. वेगात तो बोनेटवर आपटत राहतो, आणि हार ओवायला बारीक तार वापरली असेल तर तिची टोके थेट रंगावर घासतात.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक