सातवी सही

मुंबई

तीर्थरूप आई व बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर जे अर्धवट राहिले, ते सविस्तर लिहितो. आमच्या मुलुंडच्या वसाहतीमागची मोकळी जागा खेळासाठी देण्यास सर्वसाधारण सभेने संमती दिली असून, तेथे टेनिस व मैदानी खेळांचे मंडळ स्थापन करण्याचे आम्ही ठरवले आहे.

बाबा, 'टेनिस हा पैसेवाल्यांचा खेळ' ही तुमची शंका रास्त आहे. १८७५ साली सुरू झालेल्या बॉम्बे जिमखान्यात भारतीय माणसाला प्रवेश नव्हता, आणि पुढे समुद्रालगत पारशी, हिंदू, इस्लाम असे जिमखाने उभे राहिले तेही समाजागणिक. म्हणजे या शहरात मैदानावर पाऊल ठेवण्याआधी माणसाला आपण कोणाचे, हे सांगावे लागे. म्हणूनच आमच्या घटनेत मी आग्रहाने एक कलम घालून घेतले आहे, की वसाहतीत पहारा देणाऱ्या व घरकाम करणाऱ्या माणसांच्या मुलांना वर्गणी माफ असेल आणि त्यांना रॅकेट मंडळ देईल. या एका कलमापायी दोन बैठका वादात गेल्या, पण ते टिकले, याचे मला फार समाधान आहे.

कोर्ट ७८ फूट लांब व ३६ फूट रुंद असले, तरी भोवती धावण्याची जागा धरून १२० बाय ६० फूट लागतात, त्यामुळे कोर्ट एकच होईल. मावळतीचे ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून ते दक्षिणोत्तर आखले आहे. लाल माती पायांना सुखाची खरी, परंतु आपल्या पावसात ती चार महिने बंद ठेवावी लागली असती, म्हणून उतार देऊन सिमेंटचे कोर्ट करणार आहोत. उरलेल्या जागेत २७ बाय १६ मीटरचे खो-खोचे मैदान होईल, आणि ते मात्र मातीचेच.

आई, आता तुझ्याकडे मागणे आहे. १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार स्थापनेसाठी किमान सात जण लागतात. आम्ही सहा आहोत, आणि सहाही पुरुष. शाळेच्या संघात तू खांबावरून कशी वळायचीस, हे मामाकडून अनेकदा ऐकले आहे; लग्नानंतर तुझे मैदान सुटले, तरी शिवाजी पार्कात खो-खो चालू दिसला की तुझी पावले अजूनही थबकतात, हे मी पाहत आलो आहे. सातवी सही तुझी असावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शनिवारी कागद घेऊन दादरला येतो. ओळखपत्राची प्रत आणि दोन छायाचित्रे काढून ठेव.

तुमचा,
धाकटा