दार उघडंच होतं

सेलू,
2 मार्च

प्रिय सुमन,

संक्रांतीला तुझा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. नंतर करते म्हटलं आणि राहिलं ते राहिलंच. रागावली असशील. पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. गेल्या मंगळवारी एक गोष्ट झाली. ती ह्यांना सांगून उपयोग नाही, लेकरांना सांगून उपयोग नाही. फोनवर मला धड बोलता येणार नाही, म्हणून कागद घेतला.

आम्ही बरे आहोत. आत्याबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. माझा गुडघा आहे तसाच.

तर ऐक. मागच्या अंगणात, शेवग्याच्या पलीकडं, आपण गोवऱ्या थापायचो तिथं मी पुन्हा प्लॅस्टिकचं घर बांधलं. हो, पुन्हा. ह्यांनी आणि धाकट्यानं मिळून दोन दिवसांत उभं केलं. दोन-दोन फुटी सळया अर्ध्या जमिनीत ठोकल्या आणि त्यांवर इंची काळा पाइप खोवला. वीस फुटी पाइप वाकवून त्याची टोकं साडेबारा फुटांवर रोवली की मध्ये सहा फुटांच्या वर उंची मिळते, आपल्याला वाकावं लागत नाही. चार-चार फुटांवर अशा पाच कमानी, वर आडवा वेळू, तारेनं आवळलेला. त्यावर किलोवर मिळतं ते 200 मायक्रॉनचं, उन्हानं लवकर न फाटणारं प्लॅस्टिक, कडा नाली खणून मातीत गाडल्या. काळा पाइप तापतो आणि प्लॅस्टिक तिथंच आधी विरतं, म्हणून कमानींना आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. सगळं मिळून 6,700 रुपये लागले. आत्याबाई म्हणाल्या, "मिरचीचं लगीन हाय का गं, मांडव घातलास ते?"

मिरचीचं बी 12 जानेवारीला टाकलं. बावीस ट्रे, एका ट्रेला 98 कप्पे. एक ट्रे मुद्दाम बाहेर ओट्यावर ठेवला होता. थंडी तर तुला माहीत आहे आपल्याकडची, पहाटे हात बाहेर काढवत नाही. आतलं बी नवव्या दिवशी वर आलं. बाहेरचं तीन आठवडे हललं नाही. सुमे, पहाटे आत गेलं की प्लॅस्टिकला आतून दाटीनं थेंब चिकटलेले असायचे, बोटानं जरा टिचकी मारली की सगळे मानेवर. तुझी फार आठवण यायची. गटातल्या अकरा जणींनी आगाऊ पैसे दिले होते, शिवरात्र झाली की रोपं न्यायची होती.

मंगळवारी, शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, मी भगर-साबुदाणा आणि रताळी आणायला बाजाराला गेले. जाताना दाराचं प्लॅस्टिक गुंडाळून शेवग्याला नायलॉनच्या दोरीनं बांधलं. दोन गाठी मारल्या. मुद्दाम सांगते, दोन गाठी मारल्या. तीनला परत आले तर नऊ ट्रे झोपलेले. पानं शिजवलेल्या मेथीसारखी, देठापासून मऊ. धाकट्यानं ट्रेच्या उंचीवर तापमापी टांगली आहे, ती 46 दाखवत होती. बाहेर 35 सुद्धा नव्हतं. मी आधी दाराकडंच पळाले. दार सताड उघडं होतं. माझ्या दोन्ही गाठी जशाच्या तशा.

मी तिथंच खाली बसले, सुमन. बसल्यावर कळलं की खाली जमिनीपाशी बरं वाटतंय. उभी राहिले तर तोंडापाशी भट्टी. स्टुलावर चढून कमानीखाली हात नेला तर चटका. ऊन प्लॅस्टिकमधून आत येतं, माती तापते, मातीनं हवा तापते आणि ती हलकी होऊन वर जाऊन बसते. वर वाट नाही. खालचं एक दार उघडं असून तिला काय उपयोग?

आता तुला कळलं असेल मी का लिहितेय.

2014 च्या मार्चमध्ये आपली टोमॅटोची रोपं गेली तेव्हा त्या दिवशी दार उघडायची पाळी तुझी होती. तू पहिल्या दिवसापासून एकच सांगत होतीस, "मी दार उघडून माहेरी गेले होते." आणि मी गटाच्या बैठकीत, सगळ्या बायांसमोर म्हणाले, "उघडलं असतं तर रोपं मेली कशी?" चार दिवसांनी गारपीट झाली. तालुक्यातला गहू-हरभरा झोपला आणि आपलं प्लॅस्टिकही चिंध्या झालं. मग बाहेर मी गारपिटीचं नाव सांगत राहिले आणि गटात तुझं. चार हजारांचा खड्डा होता. जूनमध्ये पुण्याला जाताना तू तुझ्या बचतीतले बाराशे रुपये काढून पेटीत ठेवलेस आणि काही न बोलता गेलीस. मी तुला थांबवलं नाही.

आणि वरची फट! तीही तूच म्हणाली होतीस. आठवतं, आदल्या वर्षी 18 मेला कृषी विद्यापीठाच्या मेळाव्याला आपण रेल्वेनं परभणीला गेलो होतो? उन्हात मानवत रोडपर्यंत उभ्यानं गेलो आणि तू सगळी चिवड्याची पुडी एकटीनं संपवलीस. (ते मी अजून विसरले नाही.) तिथलं पॉलिहाउस बघून तू म्हणालीस, "ह्याला माथ्यावर वाट ठेवलीय बघ. आपल्या माळवदाला साणं कशाला असतं? धूर जायला. मग ह्या घराला नको?" मी म्हणाले पाऊस येईल आत. आणि मीच ते वरून घट्ट आवळून घेतलं. तुझं दार उघडं होतं आणि माझा माथा बंद होता.

मंगळवारी संध्याकाळीच ह्यांना वर चढवलं. माथ्यावर प्लॅस्टिक कापलं, पश्चिमेकडची बाजू हातभर पुढं घेऊन दुसरीवर झाकली आणि मध्ये वेळूचे तुकडे घालून वीतभर पोकळी ठेवली. तोंड पूर्वेला, म्हणजे वारा आत शिरत नाही. दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक खालून दीड फूट वर गुंडाळता येईल असं केलं, तिथं बारीक जाळी लावली, नाहीतर पांढरी माशी शिरते आणि मिरचीला चुरडामुरडा होतो. दुपारपुरती वरून हिरवी शेडनेट. परवा दोन वाजता बाहेर 36 आणि आत 38. मी तीनदा जाऊन बघितलं.

तेरा ट्रे वाचले, बाराशेच्या वर रोपं आहेत. अकरा जणींना पुरणार नाहीत. पाटलीणबाईंनी स्वतःहून कमी घेते म्हटलं. बाकीच्यांचे पैसे परत करायला लागतील, तेही करीन. रोपवाटिकेतून विकत आणून भरून काढावीत असं हे म्हणतात, पण आपली म्हणून दुसऱ्याची रोपं द्यायला मन घेत नाही. एप्रिलमध्ये वावटळी सुटल्या की प्लॅस्टिक काढून नुसती जाळी ठेवणार आहे. ते सगळं निभेल.

झोप येत नाही ती बैठकीमुळं. दहा तारखेला बैठक आहे. त्या वेळच्या सात जणी अजून गटात आहेत. त्यांना मी सांगणार आहे की 2014 ला दार उघडं होतं, सुमन खरं बोलत होती, रोपं माझ्यामुळं गेली. सांगायचं हे नक्की. पण तुला न विचारता तुझं नाव पुन्हा चारचौघीत काढू का? तू म्हणशील जाऊ दे. तू नेहमीच जाऊ दे म्हणतेस, आपलं अर्धं भांडण त्यावरूनच व्हायचं. आणि ते बाराशे? ते मी पेटीत भरून तुझ्या नावानं पावती घ्यायची म्हणते. तुला पाठवले तर तू परत पाठवशील.

तुझ्या धाकटीची दहावीची परीक्षा चालू असेल ना? गणिताला घाबरते म्हणाली होतीस, तिला माझा आशीर्वाद सांग. भाऊजींची रात्रपाळी सुटली का? नव्या खोलीत पाणी येतं का नीट?

दहा तारखेच्या आत दोन ओळी लिही किंवा फोन कर, आता उचलीन. रागावायचं असेल तर रागाव, मला ऐकायचं आहे. आणि पाडव्याला येणार असशील तर वीस रोपं तुझ्या गॅलरीसाठी बाजूला काढली आहेत. दाराजवळच्या ट्रेमधली आहेत, सगळ्यात जाड देठाची.

तुझी,
कमल

ता.क. आत्याबाई विचारतात, सुमन अजून तितकाच गोड चहा पिते का.