पुस्तकात तो उंदीरच राहतो

इंदूर, रविवार सकाळ

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू वीस मिनिटं त्या 'द विचेस' सिनेमावर तडतडत होतीस आणि मी नुसता हं हं करत होतो. तुला वाटलं असेल, बाबा पेंगतोय. तसं नव्हतं. 'पुस्तकाची पार वाट लावली हो! मुलगा शेवटी परत माणूस होतो ना? यांनी त्याला उंदीरच ठेवलाय!' असं तू म्हणालीस, तिथेच मी तुला थांबवायला हवं होतं. फोनवर धीर झाला नाही, म्हणून लिहितो आहे.

मुक्ता, पुस्तकात तो उंदीरच राहतो. त्याला माणूस मी केला.

तुला आठवत असेल, २००३ च्या पावसाळ्यात मी खजुरी बाजारातून ते जुनं पुस्तक आणलं होतं. रोआल्ड डालचं 'द विचेस', मूळ १९८३ चं. दुकानदार म्हणाला, 'भिया, चालीस दे दो, अंग्रेजी है, कोई ले नहीं रहा.' तू तिसरीत होतीस. रोज रात्री मी चार-पाच पानं मराठीत सांगायचो, तू आजीच्या गोधडीत आणि आजी वाती वळत. 'विच'ला मी चेटकीण म्हटलं तर आजीची हरकत, की चेटकिणीचे पाय उलटे हवेत. मी म्हटलं, अगं, या विलायती आहेत, यांच्या पायांना बोटंच नसतात. डोक्याला केस नाहीत म्हणून विग, नखं वाघासारखी म्हणून बारा महिने हातमोजे, आणि थुंकी निळी. आजीला निळी थुंकी फार पटली. आणि स्वच्छ मुलांचा त्यांना भयंकर वास येतो, तेव्हा आंघोळ जितकी कमी तितकं बरं, हे पुस्तकातली आजीच नातवाला सांगते म्हटल्यावर तू चार दिवस न्हाणीघराकडे फिरकली नव्हतीस. आईने ते पुस्तक आणि मला दोघांनाही बाहेर काढायचं ठरवलं होतं.

ती नॉर्वेची आजी चिरूट ओढते, हे मी जरा दबकतच सांगितलं. आपली आजी म्हणाली, 'असेल. थंडी असते तिकडे.' आणि तपकिरीची डबी पुढे ओढली.

शेवटची पानं मी एका दुपारी बँकेत डबा खाता खाता आधीच वाचून काढली. चेटकिणींनी उंदीर करून टाकलेला तो मुलगा आजीला विचारतो, की मी किती वर्षं जगणार? साधा उंदीर तीनेक वर्षं जगतो, ती म्हणते, पण तू निम्मा माणूस आहेस, तू नऊ तरी काढशील. पोरगं खूश होतं. कारण आजी शहाऐंशीची आहे, तिलाही तेवढीच वर्षं असतील, आणि तिच्यामागे दुसऱ्या कुणी आपल्याला सांभाळावं हे त्याला नकोच आहे. त्याचे आई-बाप पहिल्याच काही पानांत गाडीच्या अपघातात गेलेले. त्याला ती एकटीच उरलेली असते.

डबा तसाच राहिला.

त्या दिवसांत तू रोज काहीतरी बेरजा करायचीस. बसच्या तिकिटावरच्या, गॅसच्या बिलावरच्या. आजी तेव्हा ७९ ची. ७९ अधिक ९ तू माझं वाक्य संपायच्या आत केले असतेस, आणि मग गोधडीत तिच्या कुशीत पडून मला विचारलं असतंस, त्यानंतर काय. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी त्या रात्री काय सांगितलं, आठवतंय? त्याच्या आजीने गराडूच्या कंदाचे गरमागरम काप तळले, वर जीरावन मसाला भुरभुरला, लिंबू पिळलं, उंदराने एक तुकडा खाल्ला, सात शिंका आल्या आणि सातव्या शिंकेला तो मुलगा झाला. नॉर्वेच्या बाईकडे गराडू कुठून आला, हे तू तेव्हाही विचारलं नाहीस आणि परवाही नाही!

आता गंमत बघ. १९९० साली निकोलस रोगने या पुस्तकावर सिनेमा केला, त्यात त्यानेही हेच केलं. शेवटी एक सुधारलेली चेटकीण येते आणि मुलाला मूळ रूप परत मिळतं. डाल साहेब त्यावर जाम भडकले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. हे सगळं मला पुष्कळ वर्षांनी कळलं आणि वाचताना कान धरून उभं केल्यासारखं वाटलं. रोगला निदान तिकिटं खपवायची होती. मी कुणासाठी बदललं, तुझ्यासाठी की माझ्यासाठी, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तो जुना सिनेमा मात्र जमलं तर बघ, शेवट सोडून. चेटकिणींची म्होरकी झालेली अँजेलिका ह्यूस्टन चेहरा सोलून काढते तेव्हा आत जे निघतं ते बाहुल्यावाल्या जिम हेन्सनच्या कारखान्यात हातांनी घडवलेलं आहे. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे फिरते देखावे, निघायच्या, त्यातल्या एका पूतनेचे हात मोटरवर करकरत वर यायचे आणि तू आजीच्या पदरात तोंड खुपसायचीस, आठवतं? तसली भीती. तू पाहिलेल्या २०२० च्या सिनेमात अॅन हॅथवेचं तोंड कानापर्यंत फाटतं, पण ते कॉम्प्युटरमधलं आहे हे डोळ्यांना लगेच कळतं, आणि मग भीती वाटत नाही, नुसती किळस येते. एवढं तुझं म्हणणं मला मान्य. गोष्ट अमेरिकेच्या अलाबामात नेली याची मात्र मला काही तक्रार नाही. मी तर ती मालव्यात आणली होती.

त्यातली एक गोष्ट मलाही खटकली. चेटकिणींच्या हातांना बोटंच कमी दाखवली आहेत. ज्यांना जन्मापासून बोटं कमी असतात त्यांनी आक्षेप घेतला आणि सिनेमा कंपनीला माफी मागावी लागली. पुस्तकात चेटकिणींच्या हातांना वाघनखं आहेत, बोटं कमी नाहीत. अंगठा नाहीये तो आजीला! तो कसा गेला हे ती शेवटपर्यंत कुणाला सांगत नाही. डालने तुटका अंगठा दिला तो पुस्तकातल्या सगळ्यात प्रेमळ हाताला, आणि सिनेमावाल्यांनी नेमकं उलटं केलं. तुला चिडायचंच असेल तर यावर चीड.

शेवटाबद्दल मात्र त्यांना शिव्या देऊ नकोस. तेवढं त्यांनी प्रामाणिकपणे केलंय.

आणखी एक सांगायचं राहिलंय. गराडूचा शेवट ऐकून तू झोपलीस, तेव्हा आजीने हळूच विचारलं, 'खरं काय झालं त्या पोराचं?' तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मी थापा मारतोय हे तिला चाळीस वर्षं ओळखता येत होतं. मी खरं ते सांगितलं. ती बराच वेळ वात वळत राहिली. मग म्हणाली, 'चांगलं लिहिलंय की रे. पण तिला आत्ता नको. मी गेल्यावर सांग.'

ती गेली तेव्हा तू दहावीत होतीस. तुझी बोर्डाची परीक्षा तोंडावर होती, मग तुझं कॉलेज, मग पुणे. राहून गेलं म्हणतो, पण खरं तर मी टाळलं.

काल माळ्यावरच्या पेटीतून पुस्तक काढलं. सोबत कुरिअरने पाठवतो आहे. तुझ्या हाती लागू नये म्हणून शेवटची पानं मी तेव्हा बँकेच्या स्टेपलरने शिवून टाकली होती. पिना काल सोडवल्या, गंजाचे डाग राहिलेत. कागद जुना झालाय, पानं सावकाश उलट.

तुझा,
बाबा