झ्युरिक सोडून व्हिएन्नाला

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "भरल्या ताटावरून का उठतोस?" ऑफिसच्या गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

व्हिएन्नात माझा पगार बराच कमी होणार आणि करही जास्त कापला जाणार, हे खरं. पण नुसतं फ्रँकला रुपयांनी गुणून झ्युरिकचा हिशेब लागत नाही. इथं पाळणाघराला एका मुलामागे दिवसाला शंभराच्या वर फ्रँक पडतात. आरोग्य विम्याचा हप्ता घरातल्या प्रत्येकाचा वेगळा, पिल्लूचासुद्धा. शिवाय मोठ्या माणसांना वर्षाकाठी औषधपाण्याच्या खर्चातले पहिले 300 ते 2500 फ्रँक खिशातून घालावे लागतात, जसा विमा घ्याल तसे. भाड्याबद्दल तर बोलायलाच नको.

पाळणाघराचा हा आकडा बघूनच तुमच्या सुनेनं नोकरी सोडली. दुपारी पिल्लू झोपलं की ती लॅपटॉपवर स्वतःचे जुने नकाशे उघडून बसते. एखादी भिंत सरकवते, जिना फिरवून बघते आणि मग बंद करते. आई, एवढी शिकलेली आर्किटेक्ट अशी बसलेली मला बघवत नाही.

व्हिएन्नात पालिकेची बालवाडी 2009 पासून मोफत आहे, जेवणाचे तेवढे पैसे भरायचे. मुलांचा विमा आईबापांच्याच विम्यात येतो. म्हणजे एका मोठ्या पगाराऐवजी घरात दोन मध्यम पगार येतील, आणि ती पुन्हा कामाला लागेल. माझ्यासाठी एवढं एकच कारण पुरेसं आहे.

घरांचंही तसंच. जवळजवळ निम्मं शहर पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतं. आम्हा नवख्यांना ती लगेच मिळणार नाहीत, पण त्यांच्यामुळे बाकीच्या भाड्यांनाही थोडा लगाम बसतो. ट्राम, बस, मेट्रो सगळ्याला मिळून वर्षाचा एकच पास. 2012 साली तो 365 युरोंचा केला होता, म्हणजे दिवसाला एक युरो. हल्ली वाढलाय, तरी इथल्या मानानं स्वस्तच.

आणि बाबा, तुम्ही पाणीपुरवठ्यात जन्म घालवलात म्हणून सांगतो: व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली जलवाहिनी 1873 ची, दुसरी 1910 ची. डोंगरातून शहरापर्यंत पाणी निव्वळ उतारावर येतं, वाटेत पंप नाही. तुम्ही आलात की आपण ते बघायला जाऊ.

झ्युरिकचा तलाव सोडताना जीव तुटणार आहे. कायम राहण्याच्या परवान्यासाठी इथं भरलेली वर्षंही तिकडे धरत नाहीत, ती पहिल्यापासून मोजायची. याचा पुरता विचार केलाय. तुम्हाला दरमहा पाठवतो त्यात मात्र काही कमी होणार नाही.

मे महिन्यात सामान हलवू. गणपती झाले की तुम्ही दोघं या. आईच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट असलेलंच घर बघतोय, आणि व्हिसाची कागदपत्रं जुलैतच पाठवतो.

तुमचा,
बाळू