48 तासांचा रिपोर्ट, दुसऱ्याच दुपारी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उपनगरातील एका नव्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेच्या उद्घाटनाची बातमी कालच्या अंकात आपण चार कॉलमांत छापली आहे. यंत्रे किती कोटींची, फीत कोणाच्या हस्ते कापली, फरशी कुठून आणली, हे सर्व तीत आले आहे. प्रतिनिधीने कष्ट घेतलेले दिसतात आणि त्याबद्दल त्यांचे अभिनंदन करायला हवे. मात्र महापालिकेच्या रुग्णालयात याच विभागात सगळी नोकरी काढलेल्या माझ्यासारखीने जे शोधले ते त्या चार कॉलमांत कुठेच नव्हते. तिथल्या ऑटोक्लेव्हची (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र), इन्क्युबेटरची (जंतू उबवायची पेटी) आणि मीडियाची (ज्यावर जंतू वाढवतात ते खाद्य) वही कोण लिहिते आणि लिहिलेली वही कोण तपासते, एवढेच मला हवे होते.

बातमीसोबतच्या छायाचित्राखाली 'जैवसुरक्षा कक्षात काम करताना कर्मचारी' अशी ओळ आहे. छायाचित्रात दिसतो तो जैवसुरक्षा कक्ष नसून साधा लॅमिनार फ्लो आहे. ही बारीक चूक म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. लॅमिनार फ्लोमध्ये हवा मागच्या बाजूने गाळून येते आणि टेबलावरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर जाते, त्यामुळे तिथे ओतलेला मीडिया स्वच्छ राहतो, माणसाला मात्र त्यापासून काडीचे संरक्षण नाही. जैवसुरक्षा कक्ष समोरून हवा आत ओढतो आणि अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून गाळून मगच बाहेर सोडतो. क्षयाच्या रुग्णाची थुंकी लॅमिनार फ्लोखाली उघडणे म्हणजे ती आपणच आपल्या नाकाकडे उडवणे होय. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण ज्या शहरात इतके आहेत, तिथल्या वृत्तपत्राने तरी हा फरक कोणाला तरी विचारून घ्यायला हरकत नव्हती.

पण यंत्र योग्य असले तरी काम तेवढ्यावर भागत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश तापमान आणि 15 पौंड दाब आला, की कचऱ्याच्या पिशवीवरच्या टेपवर काळ्या रेघा उमटतात आणि ते पाहून सगळे समाधानाने चहाला जातात. त्या रेघा सांगतात ते इतकेच, की टेप तापली. गच्च भरलेल्या पिशवीच्या मध्यभागी वाफ पोचली की नाही, हे कळण्यासाठी तिथे जंतूंच्या चिवट बीजाणूंची पट्टी ठेवावी लागते आणि नंतर ती उबवून त्यातले बीजाणू खरोखर मेले का, ते पाहावे लागते. आमच्या विभागात ही पट्टी दर आठवड्याला ठेवली जाई आणि तिचा निकाल वहीत लिहिल्याशिवाय मॅडम कचऱ्याच्या कागदावर सही करत नसत. इन्क्युबेटरचे तापमान रविवारी आणि गणपतीच्या सुट्टीतही कोणीतरी येऊन लिहून जाई. पुढे काही ठिकाणी मी अशाही वह्या पाहिल्या, जिथे महिनाभर 37, 37, 37 असे एकाच पेनाने, एकाच बैठकीत उतरवलेले होते. अशी वही ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले ती सांगते. माझ्या सासूबाईंना गेल्या उन्हाळ्यात थंडी वाजून ताप येऊ लागला आणि डॉक्टरांनी लघवीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करायला सांगितले. त्यांना जिना उतरवत नाही म्हणून एका नामांकित लॅबच्या मुलाला घरी बोलावले. तो संध्याकाळी आला, बाटली पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवली आणि अजून तीन घरे करायची आहेत म्हणून मोटारसायकलवरून निघून गेला. लघवीचा नमुना दोन तासांच्या आत मीडियावर लावावा, नाहीतर थंड ठेवावा, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. त्या सॅकमध्ये बर्फाची पिशवी आहे का, असे मी विचारले तेव्हा त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्याच्याकडे कुल्फी मागितली. दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे एक दिवसही पुरता झालेला नसताना, मोबाइलवर रिपोर्ट आला आणि त्यात स्वच्छ छापले होते, की 48 तास उबवूनही जंतूंची वाढ आढळली नाही.

मी तो रिपोर्ट घेऊन काउंटरवर गेले. नमुना घेतल्याची वेळ आणि रिपोर्टची वेळ, दोन्ही त्याच कागदावर छापलेल्या होत्या. तिथल्या मुलीने दोन्ही वाचल्या आणि अत्यंत नम्रपणे सांगितले, "मॅडम, ते सॉफ्टवेअरमध्ये तसंच येतं." कोणत्या बॅचच्या मीडियावर नमुना लावला आणि त्या बॅचवर आधी कंट्रोलचे, म्हणजे ओळखीचे, जंतू वाढवून पाहिले होते का, असे विचारल्यावर व्यवस्थापक बाहेर आले. त्यांनी उत्तराऐवजी पुढच्या थायरॉइड तपासणीवर सवलतीचे कूपन दिले. ते कूपन अजून माझ्याकडे आहे, कोणाला हवे असल्यास जरूर कळवावे. रिपोर्टवरची सही स्कॅन केलेली होती आणि त्याच डॉक्टरांची तीच सही डोंबिवलीच्या माझ्या भाचीच्या रिपोर्टवरही आहे. एका माणसाने दिवसभरात इतक्या प्लेट्स (मीडिया ओतलेल्या बशा) पाहिल्या असतील तर त्यांच्या डोळ्यांना माझा नमस्कार.

रिपोर्ट पाहून आमच्या डॉक्टरांनी संसर्ग नाही असे धरले आणि तापाचे कारण दुसरीकडे शोधायला घेतले. यात त्यांचा दोष नाही, त्यांना समोरच्या कागदावर विश्वास ठेवावाच लागतो. मलेरियाची तपासणी झाली, डेंग्यूची झाली, छातीचा फोटो झाला. शेवटी मी स्वतः नमुना बर्फात घालून माझ्या जुन्या विभागात पोचवला. तिथे ई. कोलाय हे जंतू भरपूर वाढले आणि तेही नेहमीच्या तीन-चार औषधांना दाद न देणारे. वयाच्या ऐंशीनंतर एवढा काळ ताप अंगावर काढणे म्हणजे काय, हे सॉफ्टवेअरला कळत नसावे.

तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला. नर्सिंग होमसाठी 1949 चा कायदा आहे, पण त्यात लॅब बसत नाही. दवाखाने आणि लॅब यांच्या नोंदणीचा केंद्राचा 2010 चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. रिपोर्टवर पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले, पण ती सही करण्यापूर्वी त्यांनी प्लेट पाहिली का, हे कोण तपासणार? लॅबचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता घेणे ऐच्छिक आहे आणि ती चाचणीगणिक मिळते. म्हणजे साखर आणि कोलेस्टेरॉलसाठी मान्यता असलेली लॅब कल्चरसाठी मान्यताप्राप्त असेलच असे नाही, आणि सामान्य माणूस मात्र वरचा शिक्का पाहून निश्चिंत होतो.

मी परळची. आचार्य दोंदे मार्गावरून जाताना हाफकिन संस्थेची इमारत दिसली, की मला 1902 सालचे पंजाबातले मुल्कोवाल गाव आठवते. इथे बनलेली प्लेगची लस टोचून घेतलेल्यांपैकी 19 जण तिथे धनुर्वाताने मेले. दोष ही लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतरांनी 1907 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून त्यांची बाजू मांडली आणि अखेर ते दोषमुक्त झाले. खरे तर बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मुल्कोवालमध्ये जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मला यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. त्या दिवशी 107 जणांना पाच बाटल्यांतून लस टोचली होती आणि मेलेले सर्व 19 जण 53-एन या एकाच बाटलीतले होते, हे तेव्हा सांगता आले, कारण कोणाला कोणती बाटली याची नोंद होती. माझ्या सासूबाईंचा नमुना कोणत्या प्लेटवर लावला, हे मला आजच्या मुंबईत कोणी सांगू शकले नाही.

जाता जाता आणखी एक. आमच्या गल्लीतील एका लॅबच्या वापरलेल्या प्लेट्स काळ्या पिशवीतून साध्या कचऱ्याच्या गाडीत जातात, असे पत्र मी आपल्याला मागे पाठवले होते. जंतू वाढवलेल्या प्लेट्स लॅबनेच आधी निर्जंतुक करून पिवळ्या पिशवीत द्याव्यात, असे 2016 चे नियम सांगतात आणि त्या काळ्या पिशवीत हात घालणारा माणूस महापालिकेचा सफाई कामगार असतो. आपण पत्र छापलेत, त्याबद्दल आभार. मात्र प्लेट्सचे वाक्य गाळून त्याला 'परिसरातील अस्वच्छतेने नागरिक त्रस्त' असा मथळा दिलात. या वेळी जागा अपुरी पडली तर हाफकिनचा परिच्छेद खुशाल काढावा, काउंटरवरचा तेवढा ठेवावा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
परळ, मुंबई