नाशिकच्या पानावर अलिबागची ओहोटीही छापा

संपादक महोदय,

पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, हे आपल्या पानांवर रोज वाचायला मिळते. त्यावरून गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागणार की कमरेला, याचा अंदाज गोदाकाठचा माणूस घरबसल्या बांधतो. तोच नाशिककर दिवाळीच्या सुटीत किंवा जोडून आलेल्या शनिवार-रविवारी अलिबागला निघतो, तेव्हा खोलीचे भाडे विचारतो, मासळीची थाळी कुठे चांगली मिळते ते विचारतो, पण ओहोटी किती वाजता आहे हे विचारत नाही. मग समोर पाण्यात उभा कुलाबा किल्ला किनाऱ्यावरूनच बघून परत यावे लागते, नाहीतर पाणी वाढत असताना घाईने वाट तुडवण्याचा जीवघेणा प्रकार होतो. म्हणून विनंती अशी की, ऑक्टोबर ते मे या काळात दर शुक्रवारी नाशिक आवृत्तीत अलिबागच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात.

अलिबागची पुळण काळसर, घट्ट आणि फार सपाट आहे. अशा उथळ किनाऱ्यावर पाणी थोडे उतरले तरी खूप मागे जाते आणि थोडे चढले तरी झपाट्याने पुढे येते. किल्ला किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटरवर खडकावर उभा आहे. पूर्ण ओहोटीला, म्हणजे कोळी ज्याला सुकती म्हणतात तेव्हा, तिथे चालत जाता येते. भरतीला त्याच वाटेवर डोक्यावरून पाणी असते.

वेळ काढायची कोकणातली जुनी रीत साधी आहे आणि तिला लागणारी तिथी प्रत्येक घराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात असते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती. त्यात सव्वासहा तास मिळवा, सकाळी दहाला ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटे जातात, त्यामुळे वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. तिथीचा क्षय किंवा वृद्धी होते म्हणून या उत्तरात अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही फरक पडतो. दिवस निवडायला ही रीत उत्तम. पाण्यात पाय घालण्याआधी मात्र त्या दिवसाची छापील वेळच बघावी.

इथेच बहुतेकांची फसगत होते. ओहोटी रोज दोनदा येते, पण रोज सारखी उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक चार मीटरच्या वर जातो. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांग असतो आणि हाच फरक दीड-दोन मीटरवर येतो. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास, दशमीची दीड-दोनला, म्हणजे सहलीला अगदी सोयीची वाटते. प्रत्यक्षात भांगामुळे वाट उघडीच पडत नाही आणि लोक किनाऱ्यावर पाणी ओसरण्याची वाट बघत बसतात. उलट ऐन पौर्णिमेला पाणी खूप दूर जाते, पण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे, जेव्हा किल्ला पाहता येत नाही. भरतीच्या तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये उंची दिलेली असते. ओहोटीचा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी वाट कोरडी. म्हणून नुसती वेळ छापून भागणार नाही, उंचीही हवी.

नाशिकहून जाणाऱ्यांना दोन मेळ बसतात. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून मुंबईला उतरले, गेटवेवरून अलिबागजवळच्या मांडव्याची बोट घेतली आणि तिथून बस पकडली, तर दुपारी दोनच्या सुमारास अलिबाग गाठता येते. बोटीला तासभर लागतो आणि मांडवा-अलिबाग बसचे भाडे बहुतेक बोटींच्या तिकिटातच असते. या लोकांनी त्रयोदशी किंवा चतुर्दशी धरावी, ओहोटी चार ते पावणेपाचच्या दरम्यान येते. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी मुक्कामाला पोहोचावे आणि चतुर्थी ते षष्ठी यांतली सकाळ निवडावी, तेव्हा ओहोटी नऊ ते पावणेअकराच्या दरम्यान असते. किल्ल्यात सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, तेव्हा चतुर्थीला ओहोटी आणि दर्शन दोन्ही साधते. गर्दीही अर्थात त्या दिवशी जास्त. पावसाळ्यात मांडव्याच्या या बोटी बंद असतात आणि त्या महिन्यांत पायी किल्ल्यावर जाण्याचा विचारही करू नये.

रस्त्याने अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. पुढे भिवंडी, शिळफाटा, पनवेल, पेण. वडखळला शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी गाड्यांची रांग लागते, त्यामुळे 'पहाटे निघू आणि दहाची ओहोटी गाठू' हे गणित जुळत नाही.

आता प्रत्यक्ष चालण्याविषयी. पाणी ठरावीक वेगाने चढत नाही. सहा तासांचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक असे भाग पाणी वाढते. फरक चार मीटरचा असेल तर ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी जेमतेम फूटभर वाढते. माणूस निर्धास्त होतो आणि तटावर फोटो काढत बसतो. दुसऱ्या तासात दोन फुटांहून अधिक, आणि तिसऱ्या तासात एकदम तीन फुटांच्या वर. किल्ल्यात असताना घोट्याएवढे वाटलेले पाणी परतीच्या वाटेवर छातीला लागते ते यामुळे. म्हणून ओहोटीच्या वेळेआधी दीड तास किनाऱ्यावरून निघावे, पाऊण तास आधी किल्ल्यात पोहोचावे आणि ओहोटीची वेळ टळून अर्धा तास होण्याच्या आत महादरवाज्याबाहेर पडावे. पाहायला तासभर हाती राहतो, तो पुरतो. उशीर झालाच तर चालत निघू नये, घोडागाडीवाल्याला विचारावे. पाणी किती आहे आणि गाडी जाईल की नाही, हे त्याला कळते. तो नाही म्हणाला तर किल्ल्यातच थांबणे शहाणपणाचे.

वाटेत वाळू संपून खडक लागतात. त्यांवर कालवांच्या कवच्या चिकटलेल्या असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार. शेवाळावरून पाय घसरला की हात आधी त्या कवचीवरच पडतो आणि तळवा चिरतो. अंगठ्याची चप्पल चिखलात रुतून निघून येते. मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट घालावेत. पिण्याचे पाणी माणशी एक लिटर न्यावे, वाटेवर सावली नाही.

आत गेल्यावर तट जवळून पाहा. प्रचंड दगड एकावर एक नुसते रचले आहेत, सांध्यांत चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. चुन्याने घट्ट बांधलेल्या भिंतीला हाच मारा सबंध अंगावर घ्यावा लागला असता. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, 1680 साली या बांधकामाला हात घातला गेला. पुढे हे कान्होजी आंग्रे यांचे मुख्य ठाणे झाले. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी त्यांना ते घेता आले नाही. मंदिर रघुजी आंग्रे यांनी 1759 मध्ये बांधले. चहूकडे खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे. गावात कान्होजींची समाधी आणि हिराकोट आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने नोंदी बिघडणार म्हणून मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदींचे काम 1904 मध्ये इथे हलवले, ती चुंबकीय वेधशाळाही इथलीच. भरतीचे चार-पाच तास या गावात सहज जातात.

पोहणाऱ्यांसाठी दोन शब्द. गोदावरीत किंवा तरणतलावात पोहायला शिकलेल्याला समुद्राची ओढ ठाऊक नसते. पाणी उतरत असताना खोल जाऊ नये. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये, दम लागतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मगच आत यावे. किल्ल्याभोवतीच्या खडकांत खोल खड्डे आहेत, तिथे उतरूच नये.

आणि गाडी वाळूत नेऊ नये. घट्ट दिसणाऱ्या थराखाली वाळू पाण्याने सैल झालेली असते. चाक जागेवर फिरले की खणत खाली जाते आणि तासा-दीड तासात भरती दारापर्यंत येते. पुरात गोदाघाटावरून वाहून गेलेल्या गाड्या पाहिलेल्या गावाला हे जास्त सांगायला नको.

दिवाळीनंतर बाजारात पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, आणि पुढे पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतात. या कांद्याला लासलगावच्या कांद्याप्रमाणेच भौगोलिक मानांकन आहे. माळ घ्यावी, पण ओहोटी साधून झाल्यावर. किल्ल्याची वाट कोरडी असताना बाजारात वेळ घालवू नये.

आम्ही सुचवतो त्या चौकटीला चार ओळींपेक्षा जास्त जागा लागणार नाही. शनिवार आणि रविवार, प्रत्येकी दिवसा येणाऱ्या ओहोटीची वेळ, तिची मीटरमधली उंची, पुढच्या भरतीची वेळ, आणि शेवटी एक रकाना: 'किनाऱ्यावर परत केव्हापर्यंत'. हा शेवटचा रकाना ठळक टाइपात असावा.

आपले नम्र,
गडकिल्ल्यांवर जाणारे काही वाचक,
इंदिरानगर, नाशिक